परत गेलेलं ताट

रुग्णालय व्यवस्थापनावरच्या एका चर्चेत एका अनुभवी प्रशासकांनी ठामपणे सांगितलं, की जेवण हा उपचाराचा भाग नाही, तो सोयीसुविधांचा भाग आहे. म्हणूनच त्याचं कंत्राट साफसफाई आणि कपडेधुलाईच्या कंत्राटाशेजारी बसतं. सभागृहात कुणी हरकत घेतली नाही. ती मी इथे घेतो. हे विधान वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

सध्या वाद पेटतो तो घरच्या डब्यावरून. अनेक खासगी रुग्णालयं बाहेरचं अन्न आत येऊ देत नाहीत आणि नातेवाईक चिडतात. माझा कल डब्याकडे आहे. आजारात भूक मेलेली असते. ओळखीच्या चवीचा मऊ भात आणि मेतकूट समोर आलं तर चार घास जास्त जातात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी बंदी समजू शकते, सरसकट नाही. पण अन्न कुठून आलं यावर दोन्ही बाजू भांडतात, तेव्हा त्यातलं पोटात किती गेलं हा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये विचारला होता. आपण त्यांना हातातल्या दिव्यापुरतं लक्षात ठेवलं. त्यांनी त्या छोट्या पुस्तकात दोन प्रकरणं फक्त खाण्याला दिली आहेत. अन्नाचा तुटवडा नसतानाही हजारो रुग्ण उपाशी राहतात, कारण भरवण्याच्या पद्धतीकडे कुणाचं लक्ष नसतं, हे त्यांचं निरीक्षण. न खाल्लेलं ताट रुग्णाच्या उशाशी ठेवून देऊ नका, त्याने उरलीसुरली भूकही जाते. फार अशक्त माणसाला वेळेवर थोडंथोडं, चमच्याने द्या. तो जेवत असताना कामाच्या गोष्टी काढू नका. रुग्णाने किती खाल्लं हे पाहून सांगणं त्यांनी परिचारिकेच्या कामात धरलं, स्वयंपाक्याच्या नव्हे.

त्या काळी ‘बीफ टी’ म्हणजे मांसाचं पातळ सूप फार पौष्टिक मानलं जाई. नाइटिंगेल यांनी त्यातलं पाणी आटवून पाहायला सांगितलं: खाली उरतं ते किती? आज आपल्याकडे ती जागा सलाईनने घेतली आहे. थकवा आला की रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ साध्या सलाईनच्या लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं आणि उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम, म्हणजे फार तर 100 कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. उलट्या, रक्तस्राव, शस्त्रक्रिया यांत सलाईन जीव वाचवतं. जेवणाची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. तरी वॉर्डातल्या इनटेक-आउटपुट तक्त्यावर सलाईनचा प्रत्येक मिलिलिटर लिहिला जातो, आणि अर्धी उरलेली खिचडी नोंद न होताच परत जाते.

ताट परत जाण्याची कारणं साधी असतात. ते आलं तेव्हा रुग्ण एक्स-रेला गेलेला असतो. हाताला सुई असते. कवळी घरी राहिलेली असते. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतो. त्याला उठवून बसवून, सावकाश भरवायला शिकलेलं माणूस लागतं, नाहीतर घास फुप्फुसाकडे जातो. शस्त्रक्रियेसाठी मध्यरात्रीपासून पाणीही बंद केलेल्या माणसाचा नंबर दुपारी लागतो. ज्यांना पोटाचा वेगळा त्रास नाही, अशा बहुतेकांना भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं, हे भूलतज्ज्ञांचे नियम कधीच मान्य करून बसले आहेत. आणि म्हाताऱ्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण संडासला न्यायला मावशींना किती वेळा हाक मारायची? वयानुसार तहानही कमी लागते. मग आजी बरळू लागल्या की वयाचा दोष मानला जातो, प्रत्यक्षात अंगात पाणी कमी पडलेलं असतं.

प्रशासकांना पुरावा हवा असेल तर तो आहे. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत, कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवरचा अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. ज्यांच्या आहाराची गरज एकेकाची पाहून पुरवली, त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यू शंभरात सुमारे 10 वरून 7 वर आले. आपल्या झारखंडमध्ये क्षयरुग्णांवरच्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्के कमी आढळला. वजन वाढवणारं अन्न सोयीसुविधांत कसं मोडतं?

यावर उत्तर येतं, की भरवायला नातेवाईक असतातच. याला मोठा आधारही आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. या उदाहरणामुळेच मी डब्याची बाजू धरत आलो. पण तेच नीट पाहिलं की डब्याचा मुद्दा मागे पडतो. तिथे मोजून दिलेलं औषध होतं आणि पाठीशी डॉक्टर होता. आपल्या वॉर्डात नातेवाइकाला, बहुतेक वेळा सुनेला किंवा लेकीला, काहीही न शिकवता ही जबाबदारी दिली जाते. तिची रोजंदारी बुडते, आणि कुणीच नसलेला रुग्ण तसाच राहतो. म्हणून डबा येऊ द्यावा, पण भरवणं आणि मोजणं ही वॉर्डाची जबाबदारी हवी. दाखल होताना वजन, दर आठवड्याला पुन्हा वजन, ताटात किती उरलं याची नोंद, आणि एका सिस्टरवर इतका भार नको की तिला चमचा धरायलाही वेळ मिळू नये. वृद्धाश्रमांनाही हेच लागू आहे.

आपलं माणूस दाखल असेल तर राऊंडच्या डॉक्टरांना रक्ताच्या रिपोर्टबरोबर हेही विचारा: वजन किती झालं, काल पोटात किती गेलं, पाणी किती गेलं. शेजारच्या खाटेपाशी कुणीच बसलेलं नसेल, तर त्यांच्यासाठीही विचारा.