ती ओळ अजून फाईलीत आहे

उभा राहा. पासवर्ड विसरलास म्हणून बोलत नाहीये मी. माणूस विसरतोच. मायएसक्यूएल बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणून तर रूटचा पासवर्ड नव्यानं ठेवायची रीत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तू ती उघडूनही पाहिली नाहीस. कुठली तरी जुनीपुराणी कृती उचललीस आणि डोळे मिटून चालवलीस.

कॉन्फिगरेशन फाईलीत 'स्किप-ग्रँट-टेबल्स' लिहिलंस. काय होतं त्यानं, सांग. येत नाही? मग लिहिलंस कशाच्या जोरावर? ती ओळ असली की सर्व्हर कुणाला पासवर्ड विचारत नाही, कुणाचे अधिकार तपासत नाही. येईल तो मालक. आवृत्ती 8.0 असती तर नेटवर्कची वाट त्यानं आपोआप बंद केली असती. आपली 5.7 आहे. तिथे 'स्किप-नेटवर्किंग' आपल्याच हातानं लिहावं लागतं. तू लिहिलं नाहीस, आणि 3306 पोर्ट रात्रभर सताड उघडा राहिला.

पुढे? 'पासवर्ड' नावाच्या कॉलमात नवा पासवर्ड भरायला गेलास. तो कॉलम 2015 साली, 5.7 आली तेव्हाच गेला. सर्व्हरनं तसं तोंडावर सांगितलं. मग 'ऑल्टर युजर' चालवलंस. तेव्हाही त्यानं सांगितलं, ग्रँट टेबल्स वगळून चालू आहे, ही आज्ञा चालणार नाही. आधी 'फ्लश प्रिव्हिलेजेस', मग 'ऑल्टर युजर'. दोन ओळींचं काम होतं! एरर वाचायची असते रे. तू मशीन तसंच सोडून घरी गेलास.

काय आहे त्या डेटाबेसमध्ये? मुलांचे गुण. पालकांचे मोबाईल नंबर. कुणाची फी थकली, कुणी कसल्या सवलतीचा अर्ज केला. लोकांनी भरवशानं दिलेलं आहे ते. जनरल क्वेरी लॉग मुळातच बंद असतो, आपलाही बंद आहे. त्यामुळे काल रात्री कुणी काय वाचलं, ते त्यातून कधीच कळणार नाही. संताप येतो तो ह्याचा.

आणि पोर्टलच्या कोडात रूटचा पासवर्ड कुणी घातला? पोर्टलला त्याचं वेगळं खातं दे, लागतील तेवढेच अधिकार देऊन.

आता बस आणि माझ्यासमोर कर. सर्व्हर थांबव, ती ओळ काढ. 'ऑल्टर युजर'ची आज्ञा एका फाईलीत लिही. ज्या खात्यावर सर्व्हर चालतो, त्यालाच ती वाचता यायला हवी. 'इनिट-फाईल' देऊन सर्व्हर सुरू कर. रूटनं आत जाता आलं की ती फाईल लगेच पुसून टाक, पासवर्ड तिच्यात उघडा असतो. मग युजरची यादी काढ, अनोळखी नाव दिसलं तर मला दाखव. बाकी सगळ्या खात्यांचेही पासवर्ड बदल.

दुपारी प्राचार्यांकडे जायचंय. काय झालं ते तूच सांगायचंस, काही न लपवता. मी बरोबर येतो.