भयाचा ठसा आणि जबाबदारी

ज्याच्या वाट्यास बालपणी केवळ भय आले, अशा मुलाने सोळाव्या वर्षी दुसऱ्यावर हात उगारला, तर दोष कोणाचा? जुन्या वळणाचे लोक म्हणतील, संस्कारांचा. नव्या वळणाचे म्हणतील, संप्रेरकांचा. आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

१९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, आघात थंडीचा असो, जखमेचा असो वा विषारी द्रव्याचा, शरीर त्यास बऱ्याच अंशी एकाच रीतीने उत्तर देते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युइटरीस, तिच्याकडून मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींस निरोप जातो आणि रक्तातील कॉर्टिसोल वाढते. संकटकाळी हा आपला मित्रच होय. परंतु जेथे संकट सरतच नाही, तेथे ही व्यवस्था बिघडते. कोठे ती अतितीव्र होते, कोठे बधिर.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या मेगन गनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. अनाथालयांत आरंभीचा काळ काढून पुढे चांगल्या घरी दत्तक गेलेल्या मुलांना त्यांनी कसोटीस लावले. वयात येण्यापूर्वी या मुलांच्या शरीराचा प्रतिसाद मंद आढळला. आपल्या आईबापांजवळ वाढलेल्या मुलांचा तसा नव्हता. परंतु यौवनाचा टप्पा जसजसा पुढे सरकला, तसतसा हा भेद मावळत गेला. ज्या वयास आपण केवळ बंडखोरीचे वय म्हणून नावे ठेवितो, तेच शरीराला जुना हिशेब नव्याने मांडू देते. अर्थात, शरीराचा हिशेब जुळला म्हणजे मनाचाही जुळला, असे नव्हे.

मग जबाबदारीचे काय? कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. ज्यास मार बसला त्याचे दुःख, मारणाऱ्याच्या कॉर्टिसोलमुळे कमी होत नाही. शिवाय, 'तू तुझ्या ग्रंथींचा गुलाम आहेस' असे मुलास सांगणे हाही त्याचा अपमानच. परंतु कारण कळले की जबाबदारीची वाटणी मात्र बदलते. कृत्याचा जाब मुलाने द्यावा. ज्या भयातून ते कृत्य उगवले, त्याचा जाब वडीलधाऱ्यांनी आणि समाजाने द्यावा.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने, सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असता, त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेबरोबरच अपराधाच्या परिस्थितीचीही प्राथमिक छाननी सांगितली आहे. ही परिस्थिती त्या एका दिवसापुरती मोजावयाची, की त्यामागील सोळा वर्षांची? आपल्यापैकी ज्यांच्या मेजावर अशी प्रकरणे येतात, त्यांनी हा प्रश्न टाळू नये. आणि ज्यांच्या मेजावर ती येत नाहीत, त्यांच्याही घरी जेवणाच्या पाटावर एखादे मूल मान खाली घालून बसलेले असते. त्याचे मौन उर्मटपणाचे की भयाचे, हे ठरविण्यापूर्वी आवाज खाली आणणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.