भोंगा थांबल्यानंतर

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. छकुली,

काल रात्री फोनवर तू रडत होतीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. “मावशी, ते परत आलं गं,” एवढंच तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. सकाळी ऊन चढायच्या आत सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून आले, आणि आता पंख्याखाली बसून लिहितेय. बोललेलं तुझ्या डोक्यात या दिवसांत टिकणार नाही. कागद उशाशी ठेवता येतो.

आधी तातडीचं. नऊ दिवसांपूर्वी नैराश्यावरची गोळी एकदम बंद केलीस, हे उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांना सांग. लाजू नकोस, लपवू नकोस. मी डॉक्टर नाही. गोळी पुन्हा सुरू करायची का, किती घ्यायची, हे त्यांनीच ठरवायचं. बहुतेक वेळा ते आधीचा डोस पुन्हा देतात, माणूस स्थिरावला की मग सावकाश उतरवतात. आणि जगणं नको असा विचार क्षणभर जरी डोकावला, तर उद्याचीही वाट पाहायची नाही. आईला उठव आणि 14416 ला फोन लाव. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कुणीतरी असतं आणि मराठीत बोलतं. मला रात्री तीनला उठवलंस तरी चालेल.

आता ‘परत आलं’ याविषयी.

तू काल जे जे सांगितलंस ते मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं होतं. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. डोळे एका बाजूला फिरवले की झण्ण होतं. जिना उतरताना पायाखालचं हलतं. पहाटे उशी घामाने भिजते. स्वप्नं इतकी खरी की जागं झाल्यावरही ती घडून गेल्यासारखी वाटतात. ताट पडलं म्हणून आईवर ओरडलीस. पोरी, पाच वर्षांपूर्वी तू आजारी होतीस तेव्हा मी दोन महिने तुझ्यापाशी होते. यातलं काय होतं तेव्हा? तेव्हा तू कुणावर ओरडत नव्हतीस, तू बोलतच नव्हतीस. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायला तुला अकरा वाजायचे. करंट नव्हता, जमीन हलत नव्हती. हे नवं आहे, आणि गोळी थांबवल्यावर चौथ्या दिवशी सुरू झालं आहे. जुना आजार उलटायचा असेल तर तो बहुधा आठवड्यांनी, महिन्यांनी, जुन्याच चेहऱ्याने येतो. दोन्ही गोष्टी कधी कधी एकमेकींत मिसळतात हेही खरं, म्हणून तर डॉक्टर हवेत. पण नऊ दिवसांत “मी पुन्हा तिथेच आले” असा निकाल तू स्वतःवर देऊ नकोस.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, मिलमध्ये साचाखात्यात होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी त्यांचा चहा झालेला असायचा. मिल बंद पडली, भोंगा थांबला. तरी अण्णा पुढची कितीतरी वर्षं त्याच वेळी उठून अंधारात ओसरीवर बसत. कान टवकारलेले, पायांत वहाणा. आमच्या आईला वाटायचं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. काही झालेलं नव्हतं. तीस वर्षं जो आवाज रोज यायचा, त्याच्या हिशेबाने शरीर घडलं होतं, आणि आवाज थांबल्याचं शरीराला कुणी हळूहळू सांगितलं नव्हतं. तुझ्या मेंदूने पाच वर्षं एस्सिटालोप्रामच्या हिशेबाने आपला संसार मांडला. ते औषध एका रात्रीत नाहीसं झालं. तो आता ओसरीवर बसलाय, बस.

लोक याला सवय म्हणतील, व्यसन म्हणतील. तुझी आईही म्हणाली. व्यसनात माणसाला आणखी हवं असतं, आज एक तर उद्या दोन. तुला कधी दुसरी गोळी खावीशी वाटली? मला सोळा वर्षांत एकदाही वाटली नाही. शरीर एखाद्या औषधाशी जुळवून घेतं ही वेगळी गोष्ट आहे. ती आजची नाही. इमिप्रामीन हे नैराश्यावरच्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक, स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी 1950 च्या दशकात त्याचा गुण ओळखला. ते एकदम थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो असं डॉक्टरांनी 1959 मध्येच छापून ठेवलं होतं. तरी पुढची कितीतरी वर्षं पुस्तकांत हेच लिहिलेलं राहिलं, की त्रास किरकोळ असतो, आठवड्याभरात जातो. पुष्कळांचा जातोही. सगळ्यांचा जात नाही, आणि ज्यांचा जात नाही त्यांच्यावर फार अन्याय झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझंच सांगते. तुझे काका गेल्यावर 2005 मध्ये मला पॅरोक्सेटीन सुरू झालं, 20 मिलिग्रॅम. त्या गोळीने मला उभं केलं, हे मी कधी नाकारणार नाही. 2013 च्या श्रावणात मला वाटलं, आता मी बरी आहे. कांदा-लसूण सोडतात तशी मी गोळी सोडली, कुणाला न विचारता. तिसऱ्या दिवशी नवी पेठेत भाजी घेताना डोक्यात पहिला करंट आला आणि मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. आठवड्याने मी स्वयंपाकघरात कारण नसताना हुंदके देत होते. पॅरोक्सेटीन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून त्याचा झटका लवकर आणि जोराचा येतो. फ्लुओक्सेटीनसारखं औषध आठवडे रेंगाळतं, त्याचा त्रास उशिरा उगवतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, आजार उलटला, आता जन्मभर घ्यावी लागेल, आणि डोस वाढवून दिला. गोळी पोटात गेल्यावर दोन दिवसांत करंट थांबले. इतक्या लवकर नैराश्य बरं होत नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. पुढची पाच वर्षं मी स्वतःला आतून मोडलेली बाई समजत राहिले. ती पाच वर्षं तुझी जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

दुसऱ्यांदा उतरले ती 2019 च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या डॉक्टरांबरोबर. त्यांनी मला कागदावर एक आकृती काढून दाखवली. त्याच वर्षी लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघांनी हाच विषय लान्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात मांडला होता. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, आणि स्वतः वर्षानुवर्षं तुझीच गोळी घेऊन ती सोडताना हैराण झालेले. ती आकृती नीट समजून घे. सिटालोप्राम हे तुझ्या गोळीचं सख्खं भावंड. त्याचे 20 मिलिग्रॅम मेंदूतली सेरोटोनिन परत ओढून घेणारी सुमारे 80 टक्के दारं अडवतात. डोस निम्म्याहून खाली, 9 मिलिग्रॅमवर आणला तरी सुमारे 70 टक्के दारं अडलेलीच असतात. म्हणजे एवढं मोठं अंतर उतरून फरक पडला फक्त दहाचा. पण सव्वादोन-अडीच मिलिग्रॅमवरही सुमारे 40 टक्के दारं अडलेली असतात. तिथून शून्यावर उडी मारली की ती चाळीसच्या चाळीस थोड्याच दिवसांत उघडतात. आडगावच्या स्टेशनावर फलाट नसतो ना, तिथे डब्याच्या सगळ्या पायऱ्या आपण सहज उतरतो आणि खडीवर पाय टाकताना गुडघ्याला हिसका बसतो, तसं. अर्धी गोळी केली, काही झालं नाही, म्हणून आता सोडून दिली तरी चालेल, असं वाटतं ते इथेच फसवतं. खाली जाऊ तसे टप्पे लहान आणि मुक्काम लांब हवेत.

मी आधी 20 वर, मग 15 वर, मग 10 वर आले तेव्हा प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस हलल्यासारखं व्हायचं, मग निवळायचं. निवळून महिना गेल्याशिवाय पुढचा टप्पा नाही, हा आमचा करार होता. 5 वर असताना टाळेबंदी आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता उतरू नका, आहात तिथेच राहा. त्या पायरीवर मी सात महिने बसून काढले. पुढे 10 च्या गोळीचा पाव भाग, आणि शेवटी त्याचाही अर्धा, बाजरीच्या दाण्याएवढा. गोळी कापायची छोटी डबी मेडिकलमध्ये मिळते. तुकडे काटेकोर होत नाहीत, थोडं कमीजास्त होतंच. 2021 ची दिवाळी मी गोळीशिवाय केली. पावणेतीन वर्षं लागली. तुला इतकी लागतील असं नाही, काहींना दोन-चार महिने पुरतात.

दोन गोष्टी मनाने करू नकोस. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि दाणे भरलेल्या कॅप्सूल कापायच्या-फोडायच्या नसतात. काही औषधं द्रवरूपातही असतात, तसं काही आहे का हे डॉक्टरांना विचार. आणि एक दिवसाआड घेऊन कमी करायचा सल्ला शेजारपाजारचे देतात, तो ऐकू नकोस. त्याने रोज भोंगा वाजणार की नाही हेच मेंदूला कळेनासं होतं. एक वही ठेव. तारीख, डोस, झोप, काय झालं, दोन ओळी. मला त्या वहीनेच सावरलं. लाटा येतात, पण दोन लाटांमधलं अंतर वाढत जातं, हे मनाला पटत नाही, वहीत दिसतं. आणि उन्हाळ्यात टप्पा घेऊ नकोस असं मी म्हणेन. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझ्या अनुभवातलं. आपल्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळीस पारा असताना घाम कुठला आणि चक्कर कुठली, काही कळत नाही.

घाबरवायचं नाही, म्हणून हेही सांगते. बर्लिनच्या संशोधकांनी 2024 मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले. औषध थांबवणाऱ्या शंभरातल्या एकतीस जणांना काही ना काही त्रास झाला होता. पण नुसती खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही सतरा जणांना झाला होता. फार तीव्र त्रास शंभरात साधारण तिघांना. दुसरी बाजूही बघ. इंग्लंडमध्ये बऱ्या असलेल्या 478 जणांवर अभ्यास झाला, 2021 मध्ये छापला गेला. वर्षभरात ज्यांची गोळी थांबवली त्यांतल्या 56 टक्के लोकांचं नैराश्य उलटलं, गोळी चालू असलेल्यांतही 39 टक्क्यांचं उलटलं. म्हणजे सोडणं हे सगळ्यांनी करायचंच काम नाही. तुझ्या डॉक्टरांनी आणि तू मिळून चालू ठेवायचं ठरवलंत तर त्यात कमीपणा कसला? मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आपल्या घरच्या बापूंना आपण कधी कमकुवत म्हटलं?

आता लग्न. मार्गशीर्षातली तारीख निघाली आहे आणि ताईला वाटतं, त्याआधी गोळ्या संपलेल्या असाव्यात. पत्रिकेत तुझ्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ छापायचंय, आणि पिशवीत गोळ्यांचं पाकीट नको. ताई माझी थोरली बहीण आहे, तिचं भय मला कळतं. स्थळं कशी मोडतात हे तिने पाहिलंय. पण मांडवाची तारीख गुरुजी काढतात, मेंदूची तारीख गुरुजींना काढता येत नाही. त्या तारखेला टेकून गोळी संपवायला गेलीस तर हळदीच्या दिवशी तुझ्या डोक्यात करंट असतील. मी ताईशी बोलेन, आजच बोलेन. मुलाला मात्र तूच सांग, लग्नाआधी सांग. तो भला वाटला मला. पुढे मूल हवं असेल तेव्हा या औषधाचं काय करायचं, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं आहे, आणि ते दोघांनी मिळून विचारायचं आहे. ऐकून तो मागे सरला, तर आधी कळलं ते बरं.

डॉक्टर म्हणाले तर चार दिवस माझ्याकडे राहायला ये. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्माने निघ, मी स्टेशनवर येते. तुझी जुनी फाईल, गोळ्यांचं पाकीट आणि एक कोरी वही आण. शेंगाची चटणी कुटून ठेवते, कडक भाकरी आणून ठेवल्या आहेत. जिन्याला या आठवड्यात दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेते, तुला उतरताना धरायला.

तुझी,
मावशी