नेम धरणे

मराठीत माणूस आजारी पडतो तेव्हा अवयव ‘धरतात’. मान धरते, कंबर धरते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा डावा खांदा धरला. आधी रात्री कुशीवर वळताना कळ यायची, मग वेणी घालायला हात वर जाईना, आणि एक दिवस फडताळाच्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली. फिजिओंनी माझं कोपर बरगडीशी टेकवून हात बाहेर वळवून पाहिला. दार किलकिलं व्हावं तेवढाच तो वळला. “फ्रोझन शोल्डर,” ते म्हणाले. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं, सुटायला वर्ष-दोन वर्षं लागतात. साखर मला बारा वर्षांपासून आहेच. पण ‘हे’ जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. फिजिओ साखरेकडे बोट दाखवत होते आणि मी मनातल्या मनात दुसरीकडे.

त्याच पंधरवड्यात माझी नातही खांदा चोळत घरी आली. ती चौदा वर्षांची, शाळेसाठी साताऱ्यात माझ्याकडे राहते आणि तिरंदाजी करते. मुलीने धनुष्य घेणं इथे आता नवलाचं राहिलेलं नाही. याच जिल्ह्यातल्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. आमची मात्र रिकर्व्हवाली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, त्या प्रकारातली. कंपाउंडच्या धनुष्याला चाकं असतात, दोरी पूर्ण ओढली की भार बराच उतरतो. रिकर्व्हमध्ये ओढलेलं सगळं ओझं बाण सुटेपर्यंत अंगावर असतं. हिचं धनुष्य २४ पौंडांचं, म्हणजे साधारण अकरा किलोंचं. दिवसाला शंभर बाण मारले की टनभर वजन ओढून झालं, तेही एकाच बाजूने.

तिचं दुखणं माझ्या अगदी उलट होतं. माझा सांधा हलत नव्हता आणि तिचा नको तितका हलत होता. भार आला की धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढायचा. तिच्या तिरंदाजीच्या सरांनी तीन आठवडे धनुष्य बंद करून व्यायाम लावून दिले. तेव्हापासून आमच्या खिडकीच्या एकाच गजाला दोन रबरी पट्टे बांधलेले असतात. तिचा लाल, माझा त्याहून हलका, पिवळा.

काखेत टॉवेलची गुंडाळी धरायची, कोपर काटकोनात ठेवायचं आणि पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. हे पंधरा वेळा, तीनदा. मला वाटलं, ओढणं हाच व्यायाम. नात म्हणाली, “आजी, येताना हात सोडून देतेस तू. जाताना एक, येताना चार मोजायचे.” मग भिंतीला तळवे टेकून, कोपरं न वाकवता, फक्त पाठीचे फरे मागेपुढे करायचे. पालथं पडून हातांनी इंग्रजी वाय, टी आणि डब्ल्यू काढायचे. शेवटी ती पट्टा धनुष्यासारखा ओढून हनुवटीखाली आणते आणि वीस सेकंद तशीच थांबते. पंधराव्या सेकंदाला तिचा हात थरथरू लागतो. सर सांगतात, थरथरू दे, फक्त खांदा कानापासून लांब ठेव.

घरात कुणी थरथर कापत असलं की आपण म्हणतो, स्थिर हो. इथे थरथरत स्थिर राहायचं होतं. हे कसं, ते खांद्याची रचना समजल्यावर कळलं. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसं. पाठीचा फरा तर बरगड्यांना कुठे जोडलेलाच नाही. हासळीचं हाड हा त्याचा धडाशी एकुलता हाडाचा दुवा, बाकी सगळा कारभार स्नायूंचा. गोळा वाटीत दाबून धरायचं काम चार लहान स्नायू करतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आरशात दंड फुगवून दाखवताना त्यांतला एकही दिसत नाही. मांडवाचा खांब चारी बाजूंच्या तणाव्यांवर उभा असतो, तसा खांदा उभा असतो. एक तणावा ढिला पडला की दुसऱ्याने तत्क्षणी ताणायचं. असं सतत सावरत राहण्यालाच फिजिओ स्थैर्य म्हणतात. मुळीच न हलणारा खांदा म्हणजे माझा खांदा.

मी महाविद्यालयात तीस वर्षं संस्कृत शिकवलं. गीतेच्या अठराव्या अध्यायातले धृतीचे तीन प्रकार हा आमचा हुकमी प्रश्न. मुलं सात्त्विक, राजस, तामस असे तीन रकाने आखत आणि मी गुण देत असे. धृती म्हणजे धरणं. धर्म आणि धारणा त्याच धातूचे. तामस धृतीची व्याख्या मी तेव्हाही जरा घाईने उरकत असे: जिच्यामुळे माणूस झोप, भय, शोक, विषाद आणि मद सोडत नाही ती. शोक न सोडणं यालाही गीता ‘धरणं’च म्हणते, हे मला पट्टा ओढताना लक्षात आलं. खांदा धरला, शोक धरला. धरण्याची ताकद मला कमी नव्हती. ती सगळी न हलण्यात खर्च होत होती.

राजस धृती मी मैदानावर पाहिली. ऑलिंपिकला लक्ष्य ७० मीटरवर असतं, १२२ सेंटिमीटर व्यासाचं, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. नात अजून ३० मीटरवरच आहे, पण दहाचा मोह अंतर पाहत नाही. सरावात तिचा खांदा खाली असतो. स्पर्धेत शेवटच्या तीन बाणांत दोन दहा हवे असले की तो हमखास वर चढतो. फळाची आशा धरली की मानेजवळचा मोठा स्नायू पुढे येऊन सगळं काम अंगावर घेतो आणि ते चार लहान स्नायू हात बांधून बसतात. आपल्या घरांतही संकटात हेच होतं. आवाज मोठा असलेला माणूस सूत्रं घेतो आणि रोजचं धरून ठेवणारी माणसं बाजूला पडतात.

इथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतला. स्थैर्य जर सरावाने येतं, तर अर्जुनाचं काय झालं? जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात अंधारात बरोबर तोंडाशी गेला, म्हणून अंधारात बाण मारायचा सराव करणारा तो मुलगा. दोन्ही हातांनी धनुष्य चालवणारा, म्हणून सव्यसाची. त्याच्या खांद्यात कसली उणीव? तरी पहिल्याच अध्यायात गांडीव हातातून निसटतं. मग शरीर कमावून काय मिळालं? आणि मन घट्ट असेल पण खांदा कच्चा असेल, तर बाण खाली जातो, हेही रोजच दिसतं. आधी काय सावरायचं, मन की देह?

माझं उत्तर असं आहे की हा प्रश्नच चुकीचा मांडला आहे. सात्त्विक धृती सांगताना गीता मन, प्राण आणि इंद्रियं एकाच वाक्यात, एकाच धरण्यात घेते. अर्जुनाचं मन ढासळलं तेव्हा अभ्यासाने त्याला वाचवलं नाही, हे खरं. पण अठरा अध्यायांत कृष्णाने धनुष्य कसं धरायचं हे एकदाही शिकवलेलं नाही. शेवटी अर्जुन म्हणतो की माझा संशय गेला, मी उभा आहे. आणि मग तो जे उचलतो ते त्याला आधीपासून येत होतं. अभ्यास पडण्यापासून वाचवेलच असं नाही. पडल्यावर परतायला जागा मात्र तोच ठेवतो. अंधारात घास तोंडाशी जातो, तसा.

उरलं वैराग्य. गीता अभ्यासाबरोबर त्याचं नाव घेते. ‘हे’ गेल्यावर भेटायला येणारी प्रत्येक व्यक्ती मला सांगायची, “आता सोडून द्या.” कसं, ते कुणी सांगितलं नाही. ते मला नातीने सांगितलं, तिच्या नकळत. मी विचारलं, “दोरी सोडतेस कशी?” ती म्हणाली, “सोडायची नसते. बोटं सैल होतात, ती जाते. डावा हात धरून असला पाहिजे फक्त.” डावा खांदा त्या क्षणी ढिला पडला तर सुटलेला बाण वाया जातो. सोडणं ही वेगळी करायची गोष्ट नव्हे. दुसरं काहीतरी नीट धरलेलं असलं की ती घडते. मुंडकोपनिषदात ओंकार हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य आहे. त्या रूपकात खांद्याचं नाव नाही, पण खांद्यावाचून ते धनुष्य ओढलंही जाणार नाही.

आपल्या भाषेत ‘नेम धरणे’ला दोन अर्थ आहेत. एक लक्ष्यावर नजर लावणं आणि दुसरा व्रत घेणं, रोज न चुकता काही करणं. एकादशीचा नेम आणि तिरंदाजाचा नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी साठ वर्षं समजत होते.

पोह्यांचा डबा आता माझी मी काढते. नातीचा पट्टा लालचा हिरवा झाला. माझा अजून पिवळाच आहे आणि बहुधा तसाच राहील. तुमच्या घरी कुणाचा खांदा धरला असेल, तर आधी फिजिओला दाखवा. मग पट्टा कुठल्याही रंगाचा मिळो, येताना चार मोजा.