आधी ऐकून घ्या



चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला एखाद्या सकाळी गेटवरच सांगतात, "उद्यापासून येऊ नको." का, हे विचारायची सोय नसते. हे दुःख आपल्या वस्तीला नवे नाही. मग एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला असेच काढले, तर आपण "बरे झाले" का म्हणतो?

राज्यघटनेच्या कलम ३११ प्रमाणे सरकारी नोकराला चौकशी करून, बाजू मांडू देऊनच बडतर्फ करता येते. चौकशी करणे शक्यच नसेल तर ती टाळता येते, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात ही सवलत मान्य केली. मात्र ती मनमानीने वापरू नये, असेही बजावले.

चकमकींसाठी प्रसिद्ध असलेले मुंबईचे अधिकारी प्रदीप शर्मा यांना ऑगस्ट २००८ मध्ये गुन्हेगारांशी संबंध असल्याच्या आरोपावरून चौकशीविना बडतर्फ केले गेले. त्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि मे २००९ मध्ये बडतर्फी रद्द झाली. पुढे २००६ च्या लखनभैया बनावट चकमकीच्या खटल्यात ते २०१३ मध्ये निर्दोष सुटले. पण मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

मग न्यायाधिकरण चुकले का? मला तसे वाटत नाही. बाजू ऐकून घेणे म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणे नव्हे. शिवाय २००८ चा आरोप वेगळा होता. आणि बनावट चकमकीत मोठे पाप कोणते? माणसाचे न ऐकताच त्याला शिक्षा देणे. ते पाप आपल्याला खरोखर खुपत असेल, तर ज्याच्यावर त्याचा आरोप आहे त्याच्याशीही आपण तसे वागू शकत नाही. नाहीतर आपला राग अन्यायावर नसून फक्त त्या माणसावर आहे, असे होईल.

परमेश्वराला सर्व ठाऊक होते, तरी एदेन बागेत त्याने आधी आदामाला हाक मारली, विचारले, आणि मगच शिक्षा केली. योहानाच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात निकदेमही परुश्यांना हेच विचारतो: माणसाचे ऐकल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्याबद्दल त्याला टोमणाच ऐकावा लागला.

या आठवड्यात कोणाविषयी वाईट कानावर आले, तर पुढे सांगण्याआधी आपण त्याला स्वतःला विचारू या.