मालकाच्या नावाचा रकाना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कुत्र्याला तीन नावं आहेत. समोरच्या मागाच्या कारखान्यातले कामगार त्याला शेरू म्हणतात. कोनगावहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशी काळ्या म्हणतात. तो काळा नाही, तांबूस आहे, फक्त पाठीवर काजळ सांडल्यासारखा पट्टा आहे. शाळेतली पोरं टायगर म्हणतात. तो तिन्ही नावांना शेपूट हलवतो. भिवंडीत राहायचं तर एवढ्या भाषा याव्याच लागतात.

त्याचं जेवण येतं भिशीतून. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, इथली भिशी पैशांची नसते, जेवणाची असते. उत्तर प्रदेश, बिहारकडचे मागकामगार घरदार गावी ठेवून येतात. त्यांच्यासाठी चालणारी खानावळ म्हणजे भिशी. बारा तासांची पाळी संपवून, केसांत आणि भुवयांवर कापसाची तूस घेऊन माणसं पंगतीला बसतात. कानात अजून धोट्याचा खडखडाट असतो, म्हणून बोलतात ते ओरडूनच. उरलेली अर्धी रोटी दाराबाहेर येते. पाळी कधी सुटते हे माझ्या घड्याळापेक्षा कुत्र्यांना बरं कळतं.

रोट्या टाकणारे चाचा कुत्र्याला हात लावत नाहीत. त्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी कपडा धुवावा लागतो. पण त्याची रोटी त्यांनी कधी चुकवलेली मी पाहिली नाही. एकदा कारण विचारलं, तर त्यांनी गुहेत शेकडो वर्षं झोपून राहिलेल्या माणसांची गोष्ट सांगितली. कुराणातल्या अठराव्या सुऱ्यात ती आहे. गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून त्यांचा कुत्रा बसला होता. माणसं नक्की किती होती यावर लोकांत वाद. कुणी तीन म्हणतं, कुणी पाच, कुणी सात. पण प्रत्येक जण मोजताना शेवटी कुत्र्यालाही धरतोच. चाचांना गोष्टीत आवडतं ते हेच. ‘गिनती में उसको भी लिया है,’ ते म्हणाले आणि परातीकडे वळले.

या शहरात कुत्र्याला ‘भटका’ म्हणणं मला नेहमी चुकीचं वाटत आलंय. भटकतो तो माणूस. गोरखपूरहून इथे, इथून सुरतेला, एका कंपाऊंडमधून दुसऱ्यात. कुत्रा आपला नाका सोडत नाही. 2020 च्या मे महिन्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. टाळेबंदीत माग बंद पडले आणि 2 मेच्या सुमारास भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची खास गाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. गल्लीत इतकी शांतता झाली की पाण्याच्या टाकीत थेंब पडलेला ऐकू यायचा. समोरच्या कारखान्याच्या कुलपाखाली, पायरीवर, शेरू बसून होता. तेव्हा तो जेमतेम वर्षाचा असेल. पाळी सुटायच्या वेळेला उभा राहायचा, दाराच्या फटीत नाक घालायचा, पुन्हा बसायचा. मी त्याला बिस्किटं घालायला लागलो ते तेव्हापासून. गोड बिस्किटं कुत्र्याला बरी नव्हेत हे मला फार उशिरा कळलं. पण त्या दिवसांत आपण कुणाचं तरी पोट भरतोय या भावनेची गरज त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आवडते. पुढची आवडत नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, शाळा सुटता सुटता एका सात-आठ वर्षांच्या पोराच्या पोटरीला शेरू चावला. पोरगा सायकलवर होता, घसरला, शेपटीवर चाक गेलं असावं. मी पाहिलं नाही, ऐकलं. रक्त आलं होतं. पोराची आई धावत आली आणि गल्लीभर एकच प्रश्न विचारत फिरली, ‘कोनाचा कुत्रा ह्यो?’ भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘इथलाच हाय, कोनाचा नाय.’ कामगारांनी खांदे उडवले. तिनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं रोज सकाळी त्याला खाऊ घालणारा माणूस मीच होतो, हे तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, ‘आमचा नाही हो तो.’

वाक्य खोटं नव्हतं. माझ्याकडे त्याची पावती नव्हती, पट्टा नव्हता, माझ्या घरात तो झोपत नव्हता. रोटी घालताना तो सगळ्यांचा असतो आणि चावला की कुणाचाच नसतो. सबंध शहराचं कुत्र्यांवरचं प्रेम या दोन वाक्यांत मावतं, हे मला तेव्हा कळलं आणि लाज वाटली. पण लाजेचा उपयोग काय? पोराची जखम कुणीतरी हळद घालून बांधत होतं.

सुदैवाने एका शिकलेल्या मुलीने ती हळद काढायला लावली. नळाखाली पोटरी धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतली. पोरगा बोंबलत होता, ती मिनिटं मोजत होती. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढीच काय ती आपल्याला मिळालेली मुदत. लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून हळद, चुना, मिरची यांत मिनिटंसुद्धा घालवायची नाहीत. साबण, पाणी आणि सरळ रुग्णालय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात वर्षाला 18 ते 20 हजार माणसं या एका आजाराने जातात, आणि त्यांत मुलांचं प्रमाण मोठं. कुत्र्यांवर माया करणाऱ्याने हा आकडा तोंडपाठ ठेवला पाहिजे. तो बाजूला सारून केलेल्या मायेला मी माया म्हणणार नाही.

रुग्णालयात जखमेभोवतीचं इंजेक्शन आणि लशीची पहिली मात्रा झाली. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘कुत्रा नजरेसमोर आहे का? दहा दिवस लक्ष ठेवा. मेला, आजारी पडला, गायब झाला, तर लगेच कळवा.’

या दहा दिवसांवर मी पुढे पुष्कळ विचार केला. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर तो कुत्रा दहा दिवसांच्या आत आजाराने मरतो. दहा दिवसांनी तो धडधाकट असेल, तर त्या चाव्यातून रेबीज होणार नाही हे पक्कं. लशीसाठी थांबायचं नसतंच, ती लगेच सुरू करायची. पण आईच्या छातीवरचा धोंडा उतरतो तो कुत्रा अकराव्या दिवशी शेपूट हलवताना दिसल्यावर. म्हणजे ‘कुत्रा कोनाचा?’ हा त्या बाईचा प्रश्न भांडणाचा नव्हता, औषधाचा होता. ओळखीचा कुत्रा पाहता येतो. ज्याला आपण सगळ्यांनी मिळून ‘कुणाचा नाही’ ठरवलं, त्याला दहा दिवस पाहणार कोण?

पाहिलं रातपाळीच्या एका कामगाराने. कारखान्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ. त्याला वाचता येत असे की नाही मला माहीत नाही. रेघा मात्र दहा झाल्या. अकराव्या दिवशी त्याने मला हाक मारून भिंत दाखवली.

मग त्याला दत्तकच का घेत नाही, असं कुणी विचारेल. पण मराठीत ‘दत्तक’ हा शब्द जड आहे. त्यात वारसा आहे, आडनाव आहे, पिंडाला कावळा शिवण्याची काळजी आहे. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. ज्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे पायाशी असतात, त्याचं नाव आणि हा शब्द एकाच धातूचे. तसबिरीतले कुत्रे म्हणजे चार वेद असं आपल्याला लहानपणी सांगतात. सांगणारा हेतूने चांगला असतो, पण त्यात एक मेख आहे, कुत्रा कुत्रा म्हणून पुरेसा नाही, त्याला वेद व्हावं लागतं. आपण प्रतीकाच्या कुत्र्यावर जीव टाकतो. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून आजवर किती शाई आणि घाम गेला ते आठवा. तो दगडी कुत्रा इतिहासात होता की नव्हता यावर हिरिरीने बोलणारा माणूस पायथ्याच्या पाचाडमधल्या खरुजलेल्या कुत्रीला दगड मारत नसेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कुत्रा दत्तक घ्या असं सांगणारे बहुतेक लोक घर असलेले असतात. भिवंडीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण पाळीपाळीने झोपतात. एकाच चटईवर, दिवसा एक आणि रात्री दुसरा. त्यांनी कुत्रा घरी न्यायचा म्हणजे कुठे? तरी या शहरातल्या कुत्र्यांना जगवलंय ते याच माणसांनी. उलट गाडी, फ्लॅट, सगळं असलेल्यांपैकी काहींनी हौसेने आणलेले लॅब्राडॉर म्हातारे झाल्यावर रस्त्याकडेला सोडलेले आपण पाहतो. पाळलेलं जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. इतक्यात भिशीत एक जेवणही येत नाही. जीव घेणं किंवा अपंग करणं मात्र आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली येतं आणि तिथे कैद पाच वर्षांपर्यंत आहे. मधलं सगळं, म्हणजे लाथ, उकळतं पाणी, शेपटीला बांधलेले फटाके, बहुधा त्या पन्नास रुपयांतच भागतं.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना ‘समाजाचे प्राणी’ म्हटलं आहे. पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त चिडचिड होते. तिच्यामागे दया कमी आणि हिशोब जास्त आहे. जागा रिकामी केली तर उकिरडा, खाटकाच्या दुकानामागचं टाकाऊ आणि भिशीच्या रोट्या तिथेच राहतात. त्यांच्या वासावर बाहेरचे, लस न टोचलेले कुत्रे येतात, आणि कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते. मुंबईकरांना तर मारून टाकण्याचा अनुभव फार जुना आहे. 1832 च्या जूनमध्ये सरकारने कुत्रा मारणाऱ्याला आठ आणे ठेवले, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. पुढे दीड शतकाहून अधिक काळ मारणं चालूच राहिलं. कुत्रे संपले का?

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातले सगळे कुत्रे आश्रयस्थानांत न्यायला सांगितलं. अकरा दिवसांनी मोठ्या खंडपीठाने ते बदललं. लस-नसबंदी करून त्याच जागी सोडा, रेबीज झालेले आणि चवताळलेले वगळून. खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागी. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस-रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्रे हलवा आणि तिथे परत सोडू नका असा आदेश आला. कुत्र्यांवर जीव असलेले माझे मित्र या शेवटच्या आदेशाने दुखावले. मी नाही दुखावलो. रुग्णालयाच्या दारात, जखमी पोटरी घेऊन आलेल्या पोराला कुत्र्यांच्या कळपातून वाट काढावी लागू नये. मला काळजी वेगळीच वाटते. हलवायचे म्हणजे कुठे, आणि तिथे त्यांना मोजणार कोण?

मोजणं शक्य आहे हे शेजारच्या गोव्याने दाखवलंय. 2014 पासून तिथे मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांनी मिळून गल्लोगल्ली जाळी घेऊन माणसं पाठवली. दर कुत्र्याला लस, अंगावर रंगाची खूण, फोनवर नोंद. सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली की विषाणूची साखळी तुटते, या साध्या गणितावर वर्षानुवर्षं काम केलं. 2021 मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केलं. तिथे कुत्रे कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. किनाऱ्यावर गेलेल्याने पाहिलंच असेल. गोवा लहान, भिवंडी अवघड हे मान्य. इथे गोदामांच्या पट्ट्यात, मानकोलीपासून पडघ्यापर्यंत, पिलं उभ्या ट्रेलरखाली सावलीला झोपतात आणि चालक पाहतो ते फक्त आरसे. त्या गोदामांना मात्र कुत्रा हवा असतो. रात्रीचा रखवालदार एक, कुत्रे सहा. पगार एकालाच. त्या सहांच्या लशीचा खर्च मालाच्या विम्याच्या कागदात कधी तरी धरलाय का, एवढंच मी एका ओळखीच्या गोदामवाल्याला विचारलं. तो हसला. मला वाटतं, त्याला तो विनोद वाटला.

शेरूला मी यंदा पहिल्यांदा पशुवैद्याकडे नेला. न्यायचं कसं हाच प्रश्न होता. रिक्षावाला तयार नाही, आणि मालवाहू टेंपोत शेरू चढेना. शेवटी रेघा ओढणारा तो कामगार पाळी बुडवून आला. त्याने शेरूला मुळी उचललंच नाही. खिशातली रोटी दाखवत टेंपोतल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसवला आणि जाईपर्यंत त्याच्या कानामागे खाजवत राहिला. कानाला खूण नव्हती, म्हणजे नसबंदी व्हायची होती. तिची तारीख घेतली. लस टोचताना तो कुंईसुद्धा म्हणाला नाही. कुंई मी म्हणालो असेन.

मग मदतनिसाने कार्ड पुढे ओढलं. नाव? आम्ही दोघांनी एकदम दोन नावं सांगितली. त्याने पहिलं ऐकू आलेलं लिहिलं. वय अंदाजे. रंग तांबूस. मग मालकाचं नाव. कामगाराने माझ्याकडे पाहिलं, पावसातल्या त्या बाईने पाहिलं होतं तसंच. तो दिवाळीनंतर गावी जाणार होता, परत याच कारखान्यात येईल याची खात्री त्याला नव्हती. मी नाव सांगितलं. मदतनिसाने खाली माझा मोबाइल नंबरही लिहून घेतला.

त्या नंबरवर आजवर दोन फोन आलेत. दोन्ही पहाटे, दोन्ही तक्रारीचे.