मिशन बंगल्यातली मुलं

परदेशी मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तो एकटाच उभा राहतो. हातात बायबल घेऊन चौकात बोलणारा, किंवा शाळा-दवाखाना काढणारा. त्याच्याविषयीचे आपले सगळे वाद या दोन रूपांभोवती फिरतात. त्याला घर होतं, घरात तापाने फणफणलेलं मूल होतं, महिन्याचा खर्च भागवणारी बायको होती, हे आपण धरतच नाही. वास्तविक १८१३ साली मुंबईत पाय ठेवणाऱ्या पहिल्या दोन अमेरिकन मिशनऱ्यांपैकी सॅम्युअल नॉट सपत्नीक आला होता, आणि दुसऱ्याने, गॉर्डन हॉलने, तीनच वर्षांत मुंबईत संसार थाटला. पुढे अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबई, अहमदनगर, सातारा, राहुरी, वडाळा असं पसरलं, ते मुख्यतः कुटुंबांच्या बळावर. म्हणून या मिशनची गोष्ट मला एकदा घराच्या आतून सांगायची आहे, आणि त्यातही मुलांच्या बाजूने.

मिशनचं घर म्हणजे उंच छताचा, पुढे ओसरी असलेला बंगला, भोवती कंपाउंड, त्यात शाळा, चर्च, नोकरांच्या खोल्या. हिवाळ्यात साहेब तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगाव फिरतीवर जात, कधी सगळ्या घरादारासह. उन्हाळ्यात ज्यांना जमे ते महाबळेश्वर गाठत. मुलांना लिहा-वाचायला आईच शिकवी. तीच आई मुलींची शाळाही पाही, गावातल्या बायकांना भेटायला जाई आणि बोस्टनला, मिशनच्या मुख्य संस्थेला म्हणजे अमेरिकन बोर्डाला, जाणारी पत्रं लिही. पत्राच्या उत्तराची वाट महिनोन् महिने पाहावी लागे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी अमेरिकेचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई, आणि त्याला चार-पाच महिने सहज लागत.

या घरांवर मरणाची सावली कायम असे. हॉलची पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यातला एक मुलगा प्रवासातच गेला. पुढच्याच वर्षी हॉल नाशिककडच्या फिरतीत पटकीने वारला. तो गेल्याचं बायकोला कळलं तेव्हा कित्येक महिने उलटून गेले असणार. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा अँड्र्यू चार-पाच वर्षांचा होता. हिमालयाच्या प्रवासावर ‘द अबोड ऑफ स्नो’ लिहिणारा अँड्र्यू विल्सन तो हाच.

मरण निदान कुणी निवडलेलं नसे. मुलांना दूर धाडणं मात्र निवडलेलं असे, आणि माझं लक्ष तिथेच खिळतं. मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला ‘घरी’ पाठवायचं, हा एकोणिसाव्या शतकातल्या मिशन घरांचा जवळजवळ नियमच होता. त्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये वॉल्थमस्टो इथे शाळा निघाली, मुलांसाठी १८४२ मध्ये. ही दुसरी पुढे एल्थम कॉलेज म्हणून नावारूपाला आली. चीनमध्ये जन्मलेला धावपटू एरिक लिडेल तिथे शिकला. सहा वर्षांचा असताना त्याला तिथे ठेवून आई-वडील चीनला परत गेले. कारणं दिली जात ती खोटी नव्हती. हवा मानवत नसे, मुलं दगावत, शाळा नव्हत्या. पण त्यांच्याआड आणखी एक कारण होतं: मुलं इथल्या माणसांत फार मिसळतील, ही धास्ती. हवाई बेटांवरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तर मुलांना तिथली भाषा कानावर पडू नये म्हणून अंगणं वेगळी केली. मुलांना अमेरिकेला पाठवावं लागू नये यासाठी त्यांनी १८४१ मध्ये पुनाहौ ही शाळा काढली. म्हणजे मूल जवळ राहावं, पण ज्या लोकांसाठी आपण आलो त्यांच्यापासून दूर राहावं! ज्यांच्या आत्म्याच्या उद्धारासाठी समुद्र ओलांडला, त्यांच्या मुलांसोबत आपलं मूल खेळलेलं सोसत नाही, यातली विसंगती त्या सज्जन माणसांना टोचली नसेल असं नाही. टोचली म्हणूनच पत्रांत ‘त्याग’ हा शब्द इतका येत असावा. मला तो शब्द तिथे मान्य नाही. त्याग करणाऱ्याला विचारलेलं असावं लागतं, आणि मुलांना कुणीच विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात अशा भिंती पुरत्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्याचं श्रेय मुलं सांभाळणाऱ्या आयांना आहे. बंगल्यातलं मूल दिवसभर आयाच्या कडेवर असे. साहेब पंडिताकडून व्याकरणासह मराठी शिकत, कारण त्यांना प्रवचन करायचं होतं. मूल मराठी शिकलं ते भूक लागली म्हणून, खेळायला हवं होतं म्हणून. आई-वडिलांना या भाषेत काहीतरी द्यायचं होतं, मुलांनी तिच्यातून नुसतं घेतलं. पुढे काय घडलं ते मला या फरकामुळेच उमगतं. त्या आयांची नावं मात्र क्वचितच नोंदली गेली. दुसऱ्याचं मूल सांभाळताना त्यांची स्वतःची मुलं कुठे होती, याची नोंद तर त्याहून विरळ.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचं उदाहरण घेऊ. जन्म १८४७, भायखळ्याचा. १८५४ मध्ये वडील आजारी पडून कुटुंबासह अमेरिकेला निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. आई हॅना यांनी मुलांना अमेरिकेत वाढवलं. सात वर्षांच्या पोराने एकाच प्रवासात बाप गमावला आणि जन्मगावही. १८७४ मध्ये ते परत आले आणि पुढली पाच दशकं अहमदनगरचे झाले. दुष्काळातल्या कामासाठी १९०१ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून मराठी वाचकाला ह्यूमसाहेब ओळखीचे आहेत. त्यांची पहिली पत्नी ॲबी ही ‘सूर्यसिद्धान्ता’चं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या एबेनेझर बर्जेस या मिशनऱ्याची मुलगी, दुसरी केटी, वडाळ्याच्या सॅम्युअल फेअरबँक यांची. हे फेअरबँक पक्षी आणि गोगलगायी गोळा करणारे निसर्गवेडे. दक्षिणेतल्या पलनी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ते आजही आहेत. थोडक्यात, मिशन घरांत सोयरिकी होत होत एक गोतावळाच तयार झाला होता. ह्यूम यांना परत कशाने आणलं? धर्मकार्याची ओढ होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकेत परकं वाटणाऱ्या मुलाला बालपणाचा मुलूख खुणावत होता, असंही मला वाटतं.

गोतावळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बंगल्यातला साहेब आणि त्याच चर्चमधला मराठी पाळक यांचं राहणीमान कधीच सारखं नव्हतं. फिरतीत एका ताटात जेवणं शक्य होतं, पण पैशाच्या आणि निर्णयाच्या किल्ल्या बंगल्यात राहत. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांना हे अवलंबित्व डाचलं. १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ते ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या स्वतंत्र मंडळाच्या कामाला लागले. साहेबांवर प्रेम असूनही त्यांना हे करावंसं वाटलं, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट.

बालपणाच्या मुलखाकडे परतलेल्यांचं दुसरं उदाहरण जस्टिन ॲबट. वडील एमॉस याच मिशनमध्ये होते, त्यामुळे बालपणाची वर्षं महाराष्ट्रात गेली. १८८१ मध्ये ते मिशनरी म्हणून परतले, १९१० पर्यंत राहिले. निवृत्तीनंतर न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून त्यांनी काय केलं? एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रं आणि रचना इंग्रजीत आणल्या. पंडित नरहर गोडबोले यांच्यासह महिपतींचा ‘भक्तविजय’ही केला, तो ॲबट यांच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच परंपरेतल्या रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी, रॉबर्ट ॲलन यांच्या पुतण्याने, १९२१ मध्ये तेरा उपनिषदांचं भाषांतर प्रसिद्ध केलं. जन्म त्यांचाही मुंबईचा. मिशनच्या हिशेबवहीत ही कामं कोणत्या रकान्यात बसतात? किती बाप्तिस्मे, किती शाळा, किती पुस्तिका, हे सगळं बोस्टनला कळवलं जाई. बहिणाबाईंचं आत्मचरित्र समिटमध्ये बसून इंग्रजीत उतरवणारा म्हातारा मिशनरी त्या मोजणीत नव्हता.

१९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ रूथ आणि जॉन युसीम यांनी अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीतली मुलं’ असं नाव रूढ केलं: आई-वडिलांच्या देशाची पूर्ण नाहीत, वाढली त्या देशाचीही पूर्ण नाहीत. नाव नवं असेल, भायखळ्यात १८४७ मध्ये जन्मलेल्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. अमेरिकन बोर्डाची जुनी पत्रं आज हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. त्यांतली धर्माची आणि शिक्षणाची पानं आपल्या संशोधकांनी चाळली. आता आजारपणं, आया, मुलांचे निरोप आणि खर्चाचे हिशेब यांची पानं मराठी जाणणाऱ्या कुणीतरी नगरच्या, राहुरीच्या, वडाळ्याच्या माहितीशी ताडून वाचायला हवीत. ज्या आयांची नावं छापील इतिहासात आली नाहीत, ती कुठे सापडलीच तर तिथेच सापडतील.